वर केलेला हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — ते विचारू नका, मलाच नीट कळत नाही.

सायली माझी धाकटी जाऊ. घोडपदेवला चाळीत आमच्या खोल्या शेजारीशेजारी. मी चाळिशीत पोहायला शिकले, दादरच्या तरणतलावात, बायकांच्या नजरा सोसून. मग रविवारी सकाळी गिरगाव चौपाटीवर समुद्रात पोहणाऱ्या ग्रुपमध्ये जायला लागले. घरात, ऑफिसात केवढं कौतुक माझं! सायलीलाही मीच तिथं घेऊन गेले. का? मिरवायला, दुसरं काय? पण ती देवगडकडची, खाडीत वाढलेली. पहिल्याच दिवशी ती माझ्या पुढे निघून गेली आणि ट्रेनर मला म्हणाला, "ताई, यांच्याकडून शिका जरा."

शिकायचं? तिच्याकडून?

समुद्रात जायचं ते जोडीनंच, असा ग्रुपचा नियम. कमरेला नारिंगी फ्लोट बांधायचा. अडचण आली तर हात वर करायचा, जोडीदारानं थांबायचं, शिट्टी वाजवायची. तिची जोडीदार मी. शिट्टी माझ्या गळ्यात.

त्या रविवारी तिच्या पोटरीत गोळा आला. फ्लोटचा पट्टा सुटला होता, फ्लोट लांब वाहत चालला होता. तिनं हात वर केला. मी पाहिला — अगदी स्पष्ट पाहिला.

आणि मला बरं वाटलं. घाबरले नाही, गोंधळले नाही — बरं वाटलं. खाऊ दे जरा पाणी, असं मनात आलं. तोंड दुसरीकडे करून मी पोहत राहिले. "ताई!" अशी हाक आली. परत आली. मग आली नाही. तरी मी वळले नाही.

ट्रेनरनं आपली छोटी होडी, कयाक, नेऊन तिला बाहेर काढलं. वाळूत पाणी ओकता ओकता तिनं मला विचारलं, "ताई, मी हात वर केला होता. तुम्ही बघितला ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"नाही गं," मी म्हणाले. "तू हात वर केलाच नाहीस. घाबरलीस, नुसती धडपडत होतीस."

एवढ्यावर थांबले का मी? नाही. गणपतीला सगळं घर जमलं, तेव्हा मी तिची ती धडपड करून दाखवली — डोळे पांढरे करून, हात आपटत. माणसं पोट धरून हसली. तीही हसली. सासूबाईंना म्हणाली, "माझंच चुकलं हो आई. हात वर करायचं सुचलंच नाही मला."

ती खोटं बोलत नव्हती. तिला आता तसंच आठवतं.

ती परत पाण्यात उतरली नाही. तिच्या मुलीला मात्र तिनं आपणहून माझ्याकडे शिकायला पाठवलं. म्हणाली, "तुमच्याबरोबर असली की मला काळजी नाही, ताई." दर रविवारी सायली आमच्या चपला सांभाळत वाळूत उभी असते. आम्ही बाहेर आलो की आधी मला टॉवेल देते, मग मुलीला.

मी घेते.