हळदीच्या फोटोतली माणसं

आमच्याकडे लग्नाचं आवतण चूलबंद असतं. म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नाही, म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांनी आपल्याकडे जेवायचं. ऐकायला मोठं दिलदार वाटतं. पण एका घरातून दोन माणसं येणार की दहा, हे ती पंगतीला बसेपर्यंत ब्रह्मदेवालाही कळत नाही.

गेल्या वर्षी माझ्या एकुलत्या एका मुलीची हळद होती, धुळ्यात, घरामागच्या मैदानात. ती जाणार, हे माझ्या हातात नव्हतं. मुलगा चांगला, घर चांगलं. रडायला कारणसुद्धा कोणी ठेवलं नव्हतं. मग मी सगळा जीव एकाच गोष्टीत अडकवला. पंगत कमी पडता कामा नये.

जेवणाला वरण-बट्टी होती. बट्टी ऐनवेळी वाढवता येत नाही. पीठ भिजवायचं, गोळे वाफवायचे, निवले की कापायचे आणि मग तळायचे. आचारी दुपारपासून माझ्यामागे लागला होता, "भाऊ, कितला मानसं शेतस ते सांगा, मंग मी पीठ भिजाडस."

"हात जरा सैल सोडा," मी म्हणालो. तो हसला. उरलेली बट्टी दुसऱ्या दिवशी दगड होते आणि नाव आचाऱ्याचं खराब होतं, असं त्याचं म्हणणं.

तेव्हा माझा भाचा पुढे आला. तो जळगावला केळीची रोपं तयार करणाऱ्या एका प्रयोगशाळेत आहे. ट्रेमधल्या रोपांचा वरून फोटो काढायचा आणि सॉफ्टवेअरने रोपं मोजायची, हे त्याचं काम. पानं एकमेकांवर पडली की दोन रोपं एकच दिसतात. मग सॉफ्टवेअर आकार बघतं, कुठे खाच पडली आहे ते शोधतं, तिथे रेघ मारतं आणि एकाची दोन करतं. त्याने ते मला लॅपटॉपवर दाखवलं. खरोखर बरोबर मोजत होतं. शेजारी त्याची आई, म्हणजे माझी मोठी बहीण, पोराकडे कौतुकाने बघत होती. "मना पोऱ्या झाडं मोजस," ती म्हणाली, "मानसं काय चीज शे!"

हळद लागायला सगळे मांडवासमोर उघड्या मैदानात जमले, तेव्हा भाच्याने गच्चीवरून फोटो काढला. थोड्या वेळाने आकडा आला, चारशे अकरा. मी म्हणालो, "कमी वाटतोय." बहीण म्हणाली, "आज तुले बठ्ठंच कमी वाटी." बापाला आज सगळंच कमी वाटणार, म्हणून सगळे हसले. नवरीच्या बापाचं त्या दिवशी ऐकतं कोण! त्याने फक्त दारात उभं राहून हात जोडायचे असतात. मी जाऊन हात जोडत उभा राहिलो. आचाऱ्याने चारशे अकरा धरून, वर थोडं टाकून, पीठ भिजवलं.

पंगती उठत गेल्या आणि मैदानातली माणसं काही कमी होईनात. आमच्या बायका डोक्यावर पदर घेऊन खेटून बसतात. मांडीवर एक पोर, पाठीला टेकलेलं एक. झाडांना पदर नसतो. शेवटच्या पंगतीआधी आचारी आला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, बट्टी सरनी."

शेवटची पंगत घरच्या बायकांची असते. दिवसभर वाढून थकलेल्या त्या, आणि त्यांच्यात माझी बायको आणि मुलगी. मुलगी हट्टाने थांबली होती, माहेरचं शेवटचं जेवण आईबरोबरच जेवणार म्हणून. मी शेजारी धावलो, चार पोळ्या तरी मिळतील म्हणून. पण गल्लीभर चूलबंद आवतण मीच देऊन आलो होतो. एकाही घरात पोळीचा तुकडा नव्हता. मी रिकाम्या हाताने परत आलो.

त्या दोघी वरण आणि भात जेवत होत्या. मुलगी म्हणाली, "पप्पा, वरण मस्त झालंय." तिने असं म्हणायला नको होतं. मला तिथे उभं राहवेना, आणि जाताही येईना.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, पाठवणी झाली. संध्याकाळी मांडव सोडत होते तेव्हा भाचा ओसरीत लॅपटॉप घेऊन बसला होता. बिचाऱ्याचं तोंड उतरलं होतं. कुठे चुकलं ते त्याला बघायचं होतं. फोटोत प्रत्येक माणसाभोवती लाल कडं होतं. तो फोटो मोठा करत होता आणि एकेका कड्यात तीन-तीन बायका निघत होत्या. मीही वाकून बघत होतो, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

मग पाटाजवळचा कोपरा आला. बायको आणि मुलगी. दोघींच्या साड्या पिवळ्या, दोघींची तोंडं हळदीने माखलेली, आणि मुलीने आईच्या खांद्यावर मान टाकलेली. दोघींभोवती मिळून एकच कडं होतं.

"इथे बघा मामा," भाचा म्हणाला, "इथे रेघ पडायला पाहिजे होती."

"राहू दे ते," मी म्हणालो. पण त्याचं बोट तोवर खाली गेलं होतं. दोघींच्या मधून एक बारीक रेघ उतरली. वरचा आकडा चारशे अकराचा चारशे बारा झाला.

स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, आता जेवायला घरात किती जण आहोत. मी बोटांवर मोजायला लागलो.