नव्या श्रोत्यांसाठी ग्राम संगीत

संगीताला सीमा नसतात; ते माणसाच्या अंतःकरणाशी थेट बोलतं. हे वाक्य मी एकदा अकोल्याच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत लिहिलं होतं. त्या लेखातलं तेवढंच जसंच्या तसं छापून आलं.

लेख ग्राइमवर होता. लंडनच्या पूर्वेकडच्या सरकारी इमारतींत राहणाऱ्या पोरांनी निजायच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर तयार केलेलं हे संगीत. खाली पोटात ढवळणारा खर्ज, वर भांडण जुंपल्यासारखं भराभर बोलणं. अमरावतीत इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला ते कळायचं काही कारण नव्हतं. पण अकोल्याला कापड बाजारामागं माझ्या कॉलेजमधल्या मित्राचं कॅसेट-सीडीचं दुकान होतं आणि त्याचा मावसभाऊ लंडनमध्ये टॅक्सी चालवायचा. बकरी ईदला येताना त्यानं पाच अल्बम आणले. मित्रानं ते ऐकले आणि तो कामातून गेला. प्रत्येकाच्या वीस-वीस प्रती काढून, पुठ्ठ्याची कव्हरं स्वतः कापून त्यानं शंभर सीड्या दर्शनी फळीवर मांडल्या.

तिथं त्या सहा महिने तशाच राहिल्या. सिनेमाच्या शंभर गाण्यांची एक सीडी तेव्हा पानठेल्यावर मिळू लागली होती, त्यामुळे दुकानातलं बाकीचंही फारसं खपत नव्हतं. दुकान मोठ्या भावाच्या नावावर. भाऊ एक दिवस म्हणाला, "रमजान ईदपर्यंत ही फळी खाली झाली त दुकान तुझं. नाही त मी मोबाइल रिचार्जचं काउंटर लावतो. तू तिथंच बस, नंबर लिवत."

मित्रानं मला गाठलं. "मास्तर, तू पेपरात लिव. लोकायले माहीतच नाही त बिचारे मांगतीन काय?"

"ऐकल्यावर लोक तुला मारतील."

"मारतीन त मारतीन बे. पहले ऐकतीन त खरं."

त्या वर्षांत वऱ्हाडातल्या माणसानं कशावर लिहावं हे बाहेरून ठरत होतं. समित्या यायच्या, पॅकेजं यायची. पुण्या-मुंबईचे पाहुणे विश्रामगृहावर उतरून एखादं गाव दाखवा म्हणायचे. दाखवलं की दुसरं दाखवा म्हणायचे, कारण पहिल्या गावात एक बाई हसली होती. मीही शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर तीन लेख लिहिले होते. तिन्हींबरोबर एकच फोटो छापला गेला, भेगाळलेल्या लाल जमिनीचा. आमच्याकडची माती काळी आहे.

त्यामुळे ग्राइमचा लेख घेऊन गेलो तेव्हा पुरवणीच्या संपादकांनी कपाळाला हात लावला. "सर, अख्खा जिल्हा पेटून राहिला, अन् तुमी लंडनचे गाने घेऊन आले?"

"पेटलेल्या जिल्ह्यात लोक गाणी ऐकत नाहीत का?"

"ऐकते ना. पन ते आपन छापत नाही."

शेवटी छापलं, ते एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची अर्ध्या पानाची जाहिरात रद्द झाली म्हणून. परिस्थिती पाहता वाढदिवस साधेपणानं करायचं त्यांनी ठरवलं होतं. तसं कळवणारी पाव पानाची जाहिरात आली आणि उरलेलं पाव पान मला मिळालं.

लेखात मी पाच अल्बम कोणत्या क्रमानं ऐकावेत ते सांगितलं होतं. सुरुवात सगळ्यात ओबडधोबड अल्बमनं करावी. गुळगुळीत अल्बमनं केली तर माणूस तिथंच थांबतो. दुसरा बिनशब्दांचा, रिकाम्या जिन्यात भांडं घरंगळावं तसा. तिसऱ्यात आठ-नऊ जण एकच माइक आपसांत फिरवतात. चौथ्यात नुसता राग आहे. पाचवा नाव झाल्यानंतरचा, म्हणून शेवटी. तिसऱ्याबद्दल लिहिताना वाचकाच्या सोयीसाठी मी एक उपमा दिली: आपल्या खंजिरी भजनात एकाचा दम संपायच्या आत दुसरा ओळ उचलतो, तसं. ती उपमा मला भोवली.

पुरवणीची मुद्रितं एक निवृत्त मराठी शिक्षक तपासत. मोझरीच्या आश्रमात खंजिरी भजनाला न चुकता जाणारे गृहस्थ. 'ग्राइम' हा शब्द त्यांना कोशात सापडला नाही. खंजिरी भजन मात्र समोर होतं. लेखकाला काय म्हणायचं आहे हे ओळखून त्यांनी अकरा ठिकाणी 'इ' काढून टाकला. रविवारी मथळा आला, 'नव्या श्रोत्यांसाठी पाच आवश्यक ग्राम अल्बम'. खाली, लंडनचं ग्राम तिथल्या तरुणांनी घडवलं असून त्यात मिनिटाला एकशे चाळीस ठोके पडतात, अशी माहिती होती.

मी त्यांना फोन केला.

"मी फक्त 'इ' काढला," ते म्हणाले. "बाकी तुमच्या मजकुराले हात लावला नाही."

"गुरुजी, ग्राइम असा शब्द आहे."

"अर्थ काय त्याचा?"

"काजळी. मळ."

त्यांनी 'मळ' हा शब्द एकदा स्वतःशी उच्चारून पाहिला. मग म्हणाले, "मंग आमी सुधारलं तेच बरं झालं."

शनिवारी मी अकोल्याला गेलो. ईदला नऊ दिवस उरले होते. आठवडाभरात लेख वाचून दुकानात कुणीही आलं नव्हतं. मित्र माझ्याशी बोलत नव्हता. दुपारी मूर्तिजापूरकडच्या एका खेड्याचं भजन मंडळ आलं, म्हणजे तीन माणसं. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं खिशातून लेखाचं कात्रण काढलं.

"हे ग्राम संगीत म्हनते ते कोनतं?"

मित्रानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि तिसरा अल्बम लावला. म्हातारा स्टुलावर बसून मान खाली घालून ऐकू लागला. त्याची बोटं गुडघ्यावर पडू लागली, आणि ती बरोबर जागेवर पडत होती. मित्र त्या बोटांकडं पाहत उभा राहिला. इतक्या महिन्यांत कुणी एवढा वेळ ऐकलं नव्हतं.

गाणं संपल्यावर म्हातारा म्हणाला, "हा मानूस श्वास कुठी घेते?"

"माहीत नाही, काका."

"शिकवनारा चुकला याचा. म्हातारपनी दमा होईन. अन् सांगून काय राहिला?"

मित्रानं माझ्याकडं बोट केलं. एक तृतीयांश मला कळलं होतं. "शेजारच्या मोहल्ल्यातल्या एकाला धमकी देतोय," मी म्हणालो.

"भजन कोनत्याच सीडीत नाही?"

"नाही."

म्हाताऱ्यानं कात्रणाची घडी घालून खिशात ठेवली. उठता उठता फळीवरची एक सीडी कव्हरातून काढली आणि दारात जाऊन उन्हात धरली.

"सगळ्या घेतल्या त कमी लावसान काय?"

"सगळ्या? मंडळासाठी?"

"ज्वारीसाठी. दाना भरून राहिला, अन् पोपटं ठरू देत नाही. अशी चमकनारी वस्तू टांगली त पाखरू येत नाही म्हनते."

मित्र मागच्या खोलीत गेला. मी मागोमाग गेलो.

"मी नाही देत," तो म्हणाला. "एकानं बी ऐकाले नेली नाही."

"भावानं फळी रिकामी करायला सांगितलंय. ऐकवायची अट नाही."

"तू बोलूच नको. ग्राम म्हने."

पण त्यानं दिल्या. कव्हरं तेवढी काढून ठेवली. संध्याकाळी भावानं रिकाम्या फळीवरून हात फिरवला आणि दिलेला शब्द पाळला. दुकान मित्राचं झालं. त्यानं मला चहा पाजला नाही.

ईदनंतर आम्ही मुद्दाम त्या खेड्यात गेलो. ज्वारीच्या वर दोऱ्या ताणल्या होत्या आणि पाचही आवश्यक अल्बम वाऱ्यावर गरगरत होते. दोऱ्यांवर ओळीनं पोपट बसले होते. म्हाताऱ्यानं सांगितलं, त्यांना सवय व्हायला आठ दिवस लागले.