धोंडिरामअप्पा आणि लहरींचा लिलाव

आमच्या शुक्रवार पेठेतल्या गल्लीत धोंडिरामअप्पा नुसतं "जेवला का?" म्हणाले तरी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत ऐकू जातं. अख्खी हयात मार्केट यार्डात कांद्याचे लिलाव पुकारण्यात गेलेली. मी निवृत्त शिक्षिका. दुपारी जरा डोळा लागावा एवढीच माझी अपेक्षा, पण अप्पांच्या शेजारी राहून तीही पुरी होत नाही.

असला आवाज, पण मोबाइलवर काही जायचा नाही. त्यांच्या घरात रेंजच येत नव्हती. त्यांची लेक संघप्रिया अकलूजला, दिवस भरत आलेले, म्हणून अप्पांच्या पत्नी येसूबाई तिच्यापाशी गेलेल्या. फोन करायचा म्हटलं की अप्पा जिना चढून माझ्या गच्चीवर. पोरीचा फोन येईल आणि आपण खाली घरात नुसतेच बसलेलो असू, या विचारानं त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. शेवटी त्यांनी कंपनी बदलायचं ठरवलं.

पण कोणती घ्यायची? माझ्या कंपनीची रेंज त्यांच्या उंबऱ्यापर्यंतच यायची. रिचार्जचे दर सगळ्यांनी मागेपुढे सारखेच वाढवलेले.

"बाई, यार्डात सगळे खरेदीदार एकाच भावावर गप झाले की आमी वळकायचो, हे चहाला संगट बसून आलेत."

"मग हेही बसले असतील म्हणता?"

"तेच तर कळंना की!"

मला तरी कुठे कळत होतं? पण शिक्षिकेला गप्प बसवत नाही. मी सांगितलं, मोबाइलच्या लहरी सरकार कंपन्यांना लिलावात विकतं, आणि कुणी काय घेतलं ते वेबसाइटवर जाहीर करतं, कुणालाही वाचता येतं. झालं! त्या दिवसापासून माझी दुपारची झोप गेली ती गेलीच.

अप्पांनी तरुणपणी रुमालाखाली बोटं धरून ठरणारे भाव पाहिले होते. दोन व्यापाऱ्यांचे हात रुमालाखाली, आणि ज्याचा माल तो शेतकरी समोर तोंडं बघत उभा. मग उघडा लिलाव आला आणि पुकारायला अप्पा उभे राहिले. तेव्हापासून चारचौघांत मोठ्यानं बोलली गेलेली गोष्ट खरीच असते, यावर त्यांची पक्की श्रद्धा. सरकार लहरीसुद्धा उघड्यावर विकतं म्हटल्यावर माणूस खूश झाला.

मी मोबाइलवर निकाल उघडला आणि वाचू लागले. मेगाहर्ट्झ, बँड, सर्कल. मला घाम फुटला.

"महाराष्ट्र सर्कल म्हणजे आपलंच की?" अप्पांनी विचारलं.

"हो, पण या विभागात गोवाही आहे."

"गोवा? त्यो कशाला आलाय हितं?"

मी पुढे वाचलं. काही लहरींना कुणी बोलीच लावली नव्हती, तर काही सुरुवातीच्या भावालाच गेलेल्या. अप्पा खुर्चीतून पुढे सरकले.

"मंजे एकानं म्हटलं आन् दुसरा बोललाच न्हाय? मग ह्यो लिलाव कसला?"

"पण लपवलं तर काहीच नाहीये, अप्पा. सगळं लिहिलंय."

"व्हय की," ते म्हणाले आणि पुन्हा खुर्चीत मागे टेकले. लबाडी म्हणावी तर सगळं डोळ्यांसमोर, सरळ म्हणावं तर मनाला पटत नाही. मलाही तसंच होत होतं, आणि मला त्याचा भारी राग येत होता. इतकं उघड असलेलं आपल्याला कळत नसेल तर ते उघडून ठेवलंय कुणासाठी?

"ते ऱ्हाऊ द्या. आपल्या महाराष्ट्रात सगळ्यात जास्त कुणी घेतलं?"

मी नाव वाचलं.

"मग तीच घ्यायची."

"अप्पा, घेतलं म्हणजे आपल्या गल्लीत आणून लावलं असं होत नाही."

"बाई, लिलावात घेतलेला माल उचलावाच लागतो. न्हाईतर यार्डात दुसऱ्या दिशी गाड्या कुटं लावायच्या?"

मी त्या कंपनीची वेबसाइट उघडली. तिथल्या रेंजच्या नकाशात आमची गल्ली छान हिरवीगार दिसत होती. म्हटलं, असेल बाबा.

नंबर तोच राहिला, कंपनी बदलली. एके सकाळी जुनं कार्ड बंद पडलं. नवं सुरू व्हायला थोडा वेळ लागतो, असं दुकानदारानं सांगितलं होतं. दुपारी माझा फोन वाजला. येसूबाई होत्या.

"बाई, ह्यांचा फोन का लागंना? बाळाचे ठोके कमी झाल्यात, पोरीला आपरेशनला न्हेलं. आत जाईस्तवर सारखी लावत हुती."

मी अनवाणीच धावले. अप्पा उंबऱ्यावर बसून नवं कार्ड घातलेला फोन कानाशी धरून बघत होते. माझ्याकडून ऐकलं आणि त्यांनी माझा फोन ओढूनच घेतला. "प्रिया! ए प्रिया!" गल्लीतली सगळी दारं उघडली. पलीकडून येसूबाई रडत म्हणाल्या, "आत हाय ती. आता न्हाय बोलता येत."

संध्याकाळ व्हायच्या आत निरोप आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी पेढे आणायला निघाले, पण अप्पा जागचे हलले नाहीत. रात्रभर माझा फोन त्यांच्याकडेच राहिला.

दुसऱ्या दिवशी संघप्रियाचा फोन माझ्याच मोबाइलवर आला. मी तो अप्पांना दिला आणि शेजारीच उभी राहिले. नव्या कार्डाची रेंज घरात नव्हतीच, आणि आता तीन महिने कंपनी बदलता येणार नव्हती. पोरीचा आवाज खोल गेलेला.

"अप्पा, मला लई भ्या वाटत हुतं. डॉक्टर थांबलं हुतं माझ्यासाठी. एकदा तुमचा आवाज ऐकला असता तर मी बिनघोर गेले असते. तुमी कशाला बदललं कार्ड?"

अप्पांनी तोंड उघडलं. लिलाव म्हणाले, सर्कल म्हणाले, "सगळ्यात जास्त त्येंनीच घेतलंय" एवढं म्हणाले आणि अडकले. मी त्यांना इतक्या हळू आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. पलीकडे पोर वाट बघत होती. त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"बाई, तुमीच सांगा तिला. तुमी वाचलंय सगळं."

मी फोन कानाला लावला. "काकू?" संघप्रिया म्हणाली. मी सगळं वाचलं होतं, आणि तिला सांगण्यासारखं माझ्यापाशी काहीच नव्हतं.