जे आधी होईल ते

गाडी घेतली तेव्हा शोरूमवाल्यांनी चाकांखाली चार लिंबं ठेवली होती. माझ्या सासऱ्यांनी, मी त्यांना मामाजी म्हणते, ती चारही उचलली आणि शर्टाच्या खिशात टाकली. "सरबत होते याचं," म्हणाले. दिवस अशोक विजयादशमीचा, घर आमचं बौद्धांचं, त्यात मामाजी जन्मभर मास्तर. लिंबं चिरडून गाडी बाहेर काढणं त्यांना पटणारच नव्हतं. मला वाटलं, चला, आपल्याकडे गाडीचं कर्मकांड नाही. कसचं काय! खरं कर्मकांड घरी आल्यावर सुरू झालं.

आमचे हे पंचायत समितीत, लेखा विभागात. छापील नियम दिसला की यांना ताटातलं वरण दिसत नाही. गाडीबरोबर आलेलं सर्व्हिसिंगचं पुस्तक यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि मग आम्हाला वाचून दाखवलं. पहिली सर्व्हिसिंग महिना किंवा हजार किलोमीटर, दुसरी सहा महिने किंवा पाच हजार, तिसरी वर्ष किंवा दहा हजार. प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच पालुपद: जे आधी होईल ते. सर्व्हिसिंग कंपनीच्याच सेंटरवर करायची, चुकली तर वॉरंटीवर पाणी सोडायचं. आणि सेंटर कुठे, तर चंद्रपूरला. आम्ही राहतो एटापल्लीला. म्हणजे ऑइल बदलायचं तर अर्धा गडचिरोली जिल्हा ओलांडून, आष्टीला वैनगंगा पार करून दुसऱ्या जिल्ह्यात जायचं.

"मूर्त्या सोडल्या अन् हा शिक्क्यापुढे हात जोडून राह्यला," मामाजी म्हणाले. पण यांच्यावर काही परिणाम नाही. गाडी तळहातावरच्या फोडासारखी जपली. मला हॉर्न जरा दणदणीत बसवायचा होता, आमच्या रस्त्यावर लोहखनिजाचे ट्रक धावतात, त्यांना हा मुळमुळीत हॉर्न काय ऐकू जाणार? नाही म्हणाले. वायर कापली की वॉरंटी गेली. हळूहळू ते पालुपद सगळ्या घराच्या तोंडी बसलं. भात शिजेल का सिलिंडर संपेल, जे आधी होईल ते. लाइट येईल का झोप लागेल, जे आधी होईल ते.

आता माझं सांगते. मी माजरीची. माझे बाबा कोळशाच्या खाणीत डंपर चालवायचे, एकेक चाक माणसापेक्षा उंच. मी कॉलेजात होते तेव्हा त्यांनी दोस्ताची जुनी जीप मागून आणली आणि कॉलनीच्या मैदानात मला गाडी शिकवली. आजूबाजूच्या बाया म्हणायच्या, पोरीले काय डंपरवर पाठवता का भाऊ? बाबा म्हणायचे, गेली तं गेली, तुमची परवानगी नाई मागत. माझं लायसन्स लग्नाच्या आधीचं आहे. यांचं गाडी बुक केल्यानंतरचं. गाडी दोघांच्या पगारातली, मीही आश्रमशाळेत शिकवते. तरी चालवायची कोणी? यांनीच!

मी किल्लीला हात लावला की उत्तर तयार. "अवं, आता नव्या इंजिनचं रनिंग-इन चालू आहे. इंजिनाले एकाच हाताची सवय लागू दे." पहिली सर्व्हिसिंग झाली, तेव्हा किल्ली मागितली, तर म्हणे दुसरी होऊ दे. त्या वेळी मी म्हटलं, चंद्रपूरपर्यंत आलोच आहोत, तर माजरी काही लांब नाही, बाबांना भेटून येऊ. तर म्हणे उगीच किलोमीटर वाढतात. मला असा संताप आला की आष्टीपर्यंत मी तोंड उघडलं नाही. यांना वाटलं मला झोप लागली.

बाबांना भेटायची घाई का होती, तेही सांगते. त्यांना काचबिंदू आहे. एक डोळा गेलेला, दुसऱ्याने फक्त मधलं दिसतं, बाजूचं सगळं काळं. डॉक्टर म्हणाले, आहे ते औषधाने सांभाळायचं, गेलेलं परत येत नाही आणि राहिलेल्याची हमी नाही. ज्या माणसाने सारी उमर एवढी मोठी यंत्रं हाकली, त्याला आता सायकलही बंद. एसटीत बसून एटापल्लीला येणं तर दूरच. फोनवर ते एकच विचारायचे.

"गाडी घेऊन येशीन म्हणत होती. कधी येतं, बाई?"

"येते ना बाबा. जरा दुसरी सर्व्हिसिंग होऊ द्या."

ते हसले. आमच्या घरचं पालुपद मीच त्यांना सांगितलं होतं. "हाव, येजो. तू गाडी चालवत येशीन का माये डोये जातीन, जे आधी होईल ते."

गंमत म्हणून बोलले. मी पण हसले. फोन ठेवला आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले, खोटं कशाला बोलू.

एप्रिल उजाडला. दुसऱ्या सर्व्हिसिंगची मुदत सरत आली, किलोमीटर तर निम्मेही झाले नव्हते, महिनेच आधी भरले. आमच्या अंगणात मोहाचं झाड आहे आणि गाडी त्याच्याच सावलीत असते. मोहफुलं पडली की पत्रा चिकट होतो, रंग उडतो म्हणून हे रोज सकाळी स्टुलावर चढून टप पुसायचे. एके दिवशी उतरताना पाय पडला मोहफुलांवर आणि साहेब सपशेल आडवे! पडले तरी नाक वर; उठता उठता म्हणाले, "गाडीले लागलं नाई ना?" गाडीला काही झालं नव्हतं. यांचं उजवं मनगट मोडलं होतं.

दवाखान्यात प्लास्टर घालेपर्यंत बातमी गावभर. न पिता मोहानं पाडलेला माणूस एटापल्लीने पहिल्यांदाच पाहिला. बघायला येणारा प्रत्येक जण आधी हात बघायचा आणि मग तोंड फिरवून हसायचा.

यांना हाताची चिंता नव्हती, मुदतीची होती. सेंटरला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, मुदतीत आणा साहेब, नंतर वॉरंटीचं आम्ही सांगू शकत नाही. भाड्याचा ड्रायव्हर पाहावा तर लग्नसराई, सगळे वरातीत. एक जण मिळाला, तर यांनीच नापसंत केला. "त्याचा पाय जड आहे." मी भाकरी थापत होते. तेवढ्यात खाटेवरून मामाजी म्हणाले, "घरात लायसन्स आहे ना अजून एक. तुयाहून जुनं."

यांनी माझ्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मनातल्या मनात हिशेब चालला होता, वॉरंटी आधी जाईल का मान. शेवटी डाव्या हाताने किल्ली पुढे केली. "सांभाळून चालवजो," एवढंच म्हणाले. मी पिठाच्याच हाताने घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. मी स्टेअरिंगवर, हे डावीकडे, मामाजी मागच्या सीटवर फुटाण्याचा पुडा घेऊन. म्हणाले, मी साक्षीदार. आलापल्लीपर्यंत लाल धुळीने समोरचं दिसेना, ट्रकमागे ट्रक. सुरुवातीला मी पार कडेकडेने चालवत होते, लपवत नाही. पण बाबांचं वाक्य आठवत होतं: मोठ्या गाडीले भ्यायचं नाई, तिच्या आरशात आपण दिसलो पायजे. ट्रकवाल्याच्या आरशात त्याचा चेहरा दिसला, तेव्हाच पुढे काढली. हे मात्र पूर्ण रस्ताभर उजव्या पायाने नसलेला ब्रेक दाबत होते. "तिसरा टाक. खड्डा आहे. बैल आहे. अवं, बैल!" बैल पार शेतात होता. मामाजी म्हणाले, "बैल भेला नाई, तू काऊन भेऊन राह्यला?"

आष्टीचा पूल तर मी चौथ्या गिअरात ओलांडला. गोंडपिपरीला चहा घेतला. पुढे गाडी कशी चालली मला कळलंच नाही, इतकं छान वाटत होतं.

सेंटरवर काचेच्या खोलीतून एक पोरगेला साहेब आला आणि सरळ यांच्यापाशी गेला. "सर, गाडी में कुछ प्रॉब्लेम?" हे गळ्यात अडकवलेला हात सांभाळत ताठ झाले. मला वाटलं, आता देतील भाषण. तर म्हणाले, "त्यांना विचारा. गाडी त्यांनी आणली."

माझा राग ना, तिथेच अर्धा विरघळला. पण मी काही एवढी साधी नाही. म्हटलं, "गाडी एकदम चांगली आहे. फक्त डावीकडून आवाज येते. एटापल्लीपासून सुरू होता, बंदच नाई होत."

"डावीकडे म्हणजे दरवाज्याला?" तो लिहायला लागला.

"सीटवर," मामाजी म्हणाले, आणि फुटाणा घशात अडकेपर्यंत हसले. हेही हसले, मग तो पोरगाही.

ऑइल बदललं, शिक्का बसला. यांनी तो शिक्का वाळेपर्यंत फुंकला. ऊन उतरायला लागलं होतं. बाहेर पडल्यावर मी कोणाला न विचारता गाडी नागपूरच्या रस्त्याला घातली. यांनी फक्त किलोमीटरच्या आकड्याकडे पाहिलं. भद्रावतीपर्यंत बैलही दाखवला नाही.

माजरीत घरासमोर हॉर्न दिला, तोच मुळमुळीत. बाबा ओट्यावर बसले होते. आवाजाच्या दिशेने पूर्ण मान वळवली, बाजूचं दिसत नाही ना. उठले, हाताने बॉनेट चाचपत चाचपत माझ्या खिडकीशी आले आणि चेहरा अगदी जवळ आणला.

"कोण बसलं हाय इथी?"

"मीच आहो बाबा."

"तूच चालवत आणली? एटापल्लीहून?"

"हाव."

हे आपणहून उतरले, बाबांना हात धरून पुढच्या सीटवर बसवलं आणि स्वतः मामाजींजवळ मागे गेले. मी गाडी कॉलनीच्या मैदानात नेली. जीप शिकले तेच मैदान, आता बाजूला काटेरी बाभळी माजल्या आहेत. बाबा समोर बघतच नव्हते. मान माझ्याकडे वळवून त्या उरलेल्या नळीएवढ्या नजरेतून कधी माझे हात बघत होते, कधी चेहरा. दोन फेऱ्या झाल्या, तीन झाल्या.

"क्लचवर पाय ठेवून राह्यली तू. काढ," म्हणाले. मग जरा वेळाने, "दिसलं मले. बरं झालं, बाई, दिसलं."

मला समोरचं दिसेना. गाडी थांबवली, डोळे पुसले आणि पुन्हा एक फेरी मारली.

रात्र माजरीतच राहिलो. सकाळी निघताना बाबांनी खिडकीशी येऊन विचारलं, "जवाईबापू, आता पुढची सर्व्हिसिंग कधी?"

"विजयादशमीले, बाबा. वर्ष भरलं की," हे म्हणाले. विजयादशमीला सहा महिने होते. बाबांच्या डोळ्याचं काय, ते गाडीतल्या सगळ्यांना कळत होतं.

चंद्रपूरपर्यंत हे सर्व्हिसिंगचं पुस्तक चाळत होते. घराकडे वळायचा चौक आला, तसे म्हणाले, "गोंडपिपरीनं नको. मूल, गडचिरोली करून घे."

"अहो, तो तं केवढा फेरा पडते!"

"पडू दे ना." पुस्तकातल्या ओळीवर त्यांचं डावं बोट होतं. "वर्ष किंवा दहा हजार लिहिलं हाय. आपण दहा हजार आधी करू."

मी गाडी मूलच्या रस्त्याला वळवली.