लागत नाही आणि उचलत नाही

माझी थोरली बहीण सुधाअक्का गेली त्याला आता पाच आठवडे झाले. ही बातमी मला कुणी दिली नाही. मीच ती सगळ्यांना दिली, आणि सगळ्यात आधी दिली ती तिच्याच मुलीला, तिच्याच हॉलमधल्या त्या दळभद्री इंटरनेट फोनवरून. त्या फोनवर मी सात वर्षं चिडलेला आहे, आणि अक्कावर त्याहून कितीतरी जास्त. माणूस गेलं की त्याच्याविषयी गोडगोड लिहायचं असतं म्हणे. मला ते जमायचं नाही, आणि अक्कालाही ते खपलं नसतं. "खोटं बोललास की तुझे कान लाल होतात, बाळ्या," हे ती मला मी अडुसष्ट वर्षांचा झालो तरी चारचौघांत ऐकवायची.

अक्का ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आजच्या मुलांसाठी सांगतो. पूर्वी परगावी फोन करायचा तर आधी नंबर नोंदवायचा, मग वाट बघत बसायचं, आणि कधीतरी एक बाई "बोला, नाशिक लागलंय" म्हणायची. ती बाई म्हणजे आमची अक्का. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड आणि हातात जोडायच्या दोऱ्या. लोकांचे जन्म, मृत्यू, लग्नं, भांडणं तिनं नोकरीभर जोडून दिली आणि त्यातला एक शब्द कधी घरी आणला नाही. आणल्या त्या दोन खोडी. पहिली अशी, की घरात कुणी "फोन लागत नाही" म्हटलं की ती उलटतपासणी सुरू करायची. "लागत नाही, की उचलत नाही? घंटा वाजते का? लागत नाही म्हणजे तारेचं दुखणं. उचलत नाही म्हणजे माणसाचं. तार उद्या बघितली तरी चालते, माणूस आज बघावा लागतो. नीट सांगत जावं." माझ्या सासऱ्यांनाही तिनं हे सुनावलं होतं, तेही साखरपुड्याच्या दिवशी. मी मान खाली घालून पेढा खात राहिलो.

दुसरी खोड दोऱ्यांची. ड्यूटी संपली की आपल्या दोऱ्या काढायच्या, बोर्ड मोकळा करायचा आणि मगच उठायचं, असा तिथला शिरस्ता. निवृत्त झाली तरी तिचा हात थांबेना. इस्त्री, मिक्सर, टीव्ही, जे काय असेल ते. काम झालं की भिंतीवरचं बटण बंद. मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. मी स्वतः खडकीच्या कारखान्यात उमेदीची सगळी वर्षं काढलेला माणूस, यंत्र उघडं टाकून जाणाऱ्याला मीही शिव्या घातल्यात. पण मग तो इंटरनेटचा फोन आला आणि माझे गुडघे कामाला लागले.

झालं असं, की अक्काची एकुलती एक मुलगी मंजिरी कॉम्प्युटर शिकली आणि अमेरिकेला गेली. त्या वर्षांत पुण्यातल्या घराघरांत बॅगा वजनकाट्यावर चढत होत्या, त्यातली एक आमची. अक्काचे यजमान आधीच गेलेले. मंजिरीनं आईला कायमची तिकडेच ये म्हणून परोपरीनं विनवलं. अक्का एकदा तीन महिने राहून आली आणि म्हणाली, "छान आहे. पण भांडायला माणूस नाही रस्त्यावर." शेवटी मायलेकींचा तह झाला. अक्का सहकारनगरच्या आपल्या फ्लॅटमध्ये एकटी राहील, पण रोज सकाळी साडेसातला मंजिरीचा फोन घेईल. एक दिवस जरी फोन झाला नाही, तर शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या मामानं, म्हणजे मी, जवळच्या किल्लीनं दार उघडून बघायचं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्या तहावर माझी सही कुणी विचारली नाही.

अक्काचा जुना फोन रस्ता खणला की मरायचा, आणि आमच्याकडे रस्ता सारखाच खणलेला असतो. मोबाइल तिनं घेतला होता, पण तो कपाटात साड्यांखाली बंद करून ठेवलेला. म्हणून मंजिरीनं तिकडून एक छोटी काळी डबी आणली. डबीच्या एका बाजूला इंटरनेटची तार, दुसऱ्या बाजूला आपला साधा फोन, आणि वर एक हिरवा दिवा. नंबर मात्र अमेरिकेचा. मंजिरीनं तिच्या गावातल्या गावात फोन केल्यासारखा केला की घंटा सहकारनगरात वाजायची. मी शेजारच्या गल्लीतून फोन केला तर माझा आवाज अमेरिकेला जाऊन परत शेजारच्या गल्लीत येणार! मी म्हटलं, "अक्का, त्यापेक्षा मी खिडकीतून ओरडतो." ती म्हणाली, "ओरडतोसच."

त्या डबीतून आवाज जरा उशिरानं पोचायचा. पहिला महिनाभर दोघींचं "अगं बोल", "नाही, तू बोल" एवढंच चाललं. मग अक्कातली ऑपरेटर जागी झाली. तिनं नियम घातला, की आपलं बोलून झालं की "झालं" म्हणायचं, त्याशिवाय समोरच्यानं तोंड उघडायचं नाही. नातू ईशानसुद्धा शिकला. "आजी, मी सायकलवरून पडलो. झालं." मंजिरी एकदा म्हणाली, "मामा, मी आता ऑफिसातसुद्धा झालं म्हणायला लागलेय." इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण बोलणं संपलं की अक्का उठायची आणि डबीचं बटण बंद करायची.

"अक्का, हे बटण बंद करायचं नसतं."

"बोलणं झालं ना? मग दोरी काढायची."

"अगं, दोरी कुठाय त्यात! उद्या फोन कसा लागेल?"

"सव्वासातला मी लावीन की बटण."

"आणि विसरलीस तर?"

"तर तू आहेस ना. आलाच आहेस तर बस, चहा टाकते."

आणि ती विसरायची! आठवड्यातून दोनदा तरी विसरायची. सात छत्तीसला माझा मोबाइल वाजायचा, "मामा, आईचा फोन लागत नाहीये," की मी चपला घालून, गुडघ्यांना आणि थोरल्या बहिणीला शिव्या घालत तीन मजले चढायचो. वर अक्का निवांत भाजी निवडत बसलेली. मी बटणावर चिकटपट्टी लावली, तिनं ती सोलून काढली. मी मोठ्या अक्षरांत कागद लावला, 'बटण बंद करू नये'. दुसऱ्या दिवशी त्याखाली तिच्या सुरेख अक्षरात लिहिलेलं होतं, 'विनंती असल्यास तसे लिहावे'. मी निमूटपणे 'कृपया' लिहून आलो. तरी बटण बंदच. एकदा तर मी इतका भडकलो की म्हणालो, "अक्का, एक दिवस खरंच काही झालं ना, तर मी आपला बटणच बंद असेल म्हणून घरी बसून राहीन. मग कळेल!" ती आल्याचा चहा पुढे सरकवत म्हणाली, "मला कसं कळेल, बाळ्या? तुलाच कळेल."

...त्या मंगळवारी मंजिरीचा फोन आला तेव्हा माझ्या अर्ध्या गालाला साबण होता. रविवारी आणि सोमवारी, दोन्ही दिवस मी ते जिने चढून आलो होतो. मंजिरी म्हणाली, "मामा, रिंग जातेय, पण आई उचलत नाहीये." शब्द अगदी स्वच्छ होते. मी ते ऐकले आणि म्हणालो, "बटण बंद असेल गं तिचं. जातो सावकाश." मग मी दुसरा गाल केला. चहा घेतला. पेपर वाचला, शब्दकोडंसुद्धा निम्मं सोडवलं. म्हटलं, बसू दे जरा बटण बंद करून. जन्मभर ती जो फरक लोकांना शिकवत आली, जो तिनं माझ्या साखरपुड्यात शिकवला, तो नेमका मला त्या सकाळी कळला नाही. बटण बंद असतं तर घंटा वाजली असती का, गाढवा?

साडेआठला मी जिना चढलो तो भांडणाची वाक्यं जुळवतच. दार उघडलं आणि आत पाऊल टाकताना म्हणालोसुद्धा, "अक्का, आज शेवटचं सांगतो तुला." तेवढ्यात फोन वाजायला लागला. डबीवरचा हिरवा दिवा लागलेला होता. अक्का फोनशेजारच्या खुर्चीत बसलेली, वेणीफणी झालेली, चष्मा डोळ्यांवर, हात मांडीवर. विसरली नव्हती ती. बटण वेळेवर लावून, नीट बसून, फोनची वाट बघत होती. मी हात लावला आणि मला कळलं. फोन वाजतच होता, म्हणून उचलला. पलीकडून आवाज आला, "आई! अगं किती वेळ... ठीक आहेस ना? झालं." त्या 'झालं'नंतर बोलायची पाळी माझी होती.

डॉक्टर म्हणाले, फोन यायच्या आधीच गेल्या असाव्यात, तुम्ही लगेच आला असतात तरी काही झालं नसतं. डॉक्टर भला माणूस आहे. असं ते सगळ्यांनाच सांगत असतील. तासभर तो फोन तिच्या कानाशी वाजत राहिला आणि मी उभे-आडवे शब्द भरत बसलो, हे काही त्यामुळे पुसलं जात नाही. अक्कावर चिडायला मला अजून पुष्कळ कारणं आहेत. हे मात्र माझ्याच खात्यावर.

दिवसपाणी आटोपून मंजिरी परत गेली. जाताना तिनं विचारलं, "मामा, फोन बंद करून टाकू?" मी म्हटलं, राहू दे. फ्लॅटला कुलूप आहे. बटण मी चालू ठेवलंय आणि कागदही तसाच आहे, तिच्या अक्षरासकट. काल सकाळी साडेसातला काय वाटलं कुणास ठाऊक, मी माझ्या मोबाइलवरून तो अमेरिकेचा नंबर फिरवला. आवाज तिकडे गेला असेल, वळसा घालून शेजारच्या गल्लीत आला असेल. घंटा बराच वेळ वाजत होती.

नीट सांगतो, अक्का. फोन लागतो. उचलत नाही.