बनूने शिवलेली गवसणी

महाडात भोंग्याचं काम म्हटलं की भिकाजी, असं सगळे म्हणत. भिकाजीइतका हट्टी माणूस तालुक्यात दुसरा नाही, असं मी म्हणे. मी जीपचा ड्रायव्हर. लग्न असो, प्रचार असो की चौदा एप्रिलची जयंती, त्याचा ॲम्प्लिफायर माझ्याच जीपमध्ये चढे. तो त्याने स्वतः जुळवलेला, म्हणून कुणी बोट लावलं तरी याचं डोकं फिरे. बायकोलाही सूट नव्हती. "माझ्या मशीनला हात लावू नको गो!" हे मी शंभरदा तरी ऐकलं असेल. बनू नुसती हसायची.

पोलादपूरच्या रस्त्यांची धूळ आत जाऊ नये म्हणून तिने त्या मशीनला जाड निळ्या कापडाची गवसणी शिवली होती, पुढे बटणांपुरती भोकं ठेवून. कुठल्याही कामाला ती मागच्या सीटवर मशीनला खेटून बसे आणि जयंतीला माइक धरून गाई. सुरुवात दरवर्षी तिच्या माहेरी, कापडे गावात, आई काशीबाईच्या दारातून. गाण्याचं शेवटचं कडवं तिने स्वतः आईवर रचलेलं. तसा आवाज मी पुन्हा ऐकला नाही.

त्र्याऐंशीच्या श्रावणात तिला कावीळ झाली आणि आठ दिवसांत ती गेली. भिकाजीने त्यानंतर एकही काम घेतलं नाही. काशीबाईने त्या धक्क्याने अंथरूणच धरलं. जयंती जवळ आली तसा तिचा निरोप आला, "माझ्या दारात बनूचं गाणं वाजू दे. अर्धं नाय, पुरं. फुडल्या सालाला मी हाय का नाय, कोण जाणे."

भिकाजीकडे बनूच्या गाण्याची एक कॅसेट होती. पण मशीन दगा देऊ लागलं. दुकानात उघडं ठेवून दोन दोन तास वाजायचं. जीपमध्ये चढवून गवसणी घातली, की तिसऱ्या कडव्याला बंद! पाच मिनिटांनी आपोआप पुन्हा चालू.

"खोट तुझ्या गाडीत हाय," तो म्हणाला.

मी भडकलो. त्याने फ्यूज बदलला, बॅटरीची टोकं पॉलिशपेपरने घासली, बॅटरीपासून नवी जाड वायर ओढली, एक भोंगा सोडवून पाहिला. दर वेळी बनू तिसऱ्या कडव्याला थांबायची. त्या दिवसांत भिकाजी जेवलेला मी फारसा पाहिला नाही.

जयंतीच्या सकाळी काशीबाईला उचलून दारात बसवलं. गाणं लागलं आणि थांबलं. पुन्हा लावलं, पुन्हा थांबलं. तिसऱ्यांदा थांबलं तेव्हा भिकाजी बोनेटवर डोकं टेकून रडायला लागला. मला त्याच्याकडे बघवेना.

म्हातारी शेजारच्या दोघींच्या आधाराने जीपपाशी आली आणि गवसणीवरून हात फिरवू लागली.

"जावयबापू, आज हे मागून झाकलंय कसं?"

"नेहमीच झाकतो, मामी."

"नाय. बनू गाताना एक हात मागं घालून हे कापड उचलून धरायची. मी इचारलं तर बोलली, लय तापतं गो आये, वारा लागू दे. त्यांना सांगू नको, वरडतील."

भिकाजी मशीनकडे वळला. जास्त तापलं तर बंद पडावं, ही सोय त्यानेच मशीनमध्ये केली होती. इतक्या वर्षांत ती एकदाही लागली नव्हती, म्हणून तो ती साफ विसरला होता.

त्याने गवसणीची मागची बाजू उचलली. आतून गरम झळ आली.

"काढूनच टाक की," मी म्हणालो.

"नको," तो म्हणाला, आणि बनूच्या जागेवर बसून कापड हातात धरून राहिला.

जरा वेळाने गाणं लागलं. तिसरं कडवं गेलं, चौथं गेलं. शेवटचं आलं तशी काशीबाईने पदरात तोंड लपवलं. सगळी वाडी उभी होती.

"संपलं रे," मी म्हणालो. "सोड आता."

"महादू, मी तिला किती वरडायचो," तो म्हणाला.

मी गाडी सुरू केली. पोलादपूर येईपर्यंत त्याने कापड खाली सोडलं नाही.