घरचा वाटा

हैदराबादला समुद्र नाही, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. तरी बसमधून उतरल्यावर माझं नाक सवयीने खारा वारा शोधत राहिलं. मिळाला तो डिझेलचा आणि तळलेल्या कांद्याचा वास. समुद्रातल्या माशांची बैठक या दगडांच्या गावात कोणी ठेवली, असं पुटपुटत मी रिक्षात बसले.

माझं काम रत्नागिरीजवळच्या आमच्या जेटीवर. होड्या आल्या की कुपा (ट्युना) पट्टीवर आडवा करायचा, लांबी मापायची, वजन घ्यायचं आणि सगळं मोबाइलवरून हैदराबादच्या कचेरीत पाठवायचं. ती कचेरी मी पहिल्यांदाच पाहत होते. आत शिरले आणि चक्रावलेच. भिंतभर पडदा, त्यावर अख्खा समुद्र, आणि आमच्या गावासमोरच्या पाण्यात एक ठिपका. तिथल्या साहेबांनी त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, या तुम्ही.

त्या ठिपक्यापाशी पिवळ्या परांच्या कुप्याची पिल्लं शून्य होती. अंडी घालायच्या आधीच पिल्लं मारली तर पुढे कुपा उरणारच नाही. म्हणून जिथे पिल्लं पकडली जातात तिथली मासेमारी काही काळ बंद ठेवावी, अशी शिफारस दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत ठरायची होती. आमचं शून्य पाहून मला हायसं वाटलं. माझ्या सख्ख्या भावाची, दादाची होडी त्याच पाण्यात जाते आणि आमचं घर त्या होडीवर चालतं.

उतरायची सोय कचेरीतल्या सुजाताकडे होती, अंबरपेठेत. तिचे आजोबा नांदेडकडून इथे आले. घरात बुद्धाच्या मूर्तीपुढे ताजी फुलं, आणि बोलण्यात मराठी, दख्खनी, तेलुगू एकाच पातेल्यात. "मराठी बोलते बराबर, वाचायला लय परेशान होते," असं तिने आल्या आल्याच सांगून टाकलं. कोकणातली पाहुणी म्हणून तिला मासेच करायचे होते. मी नको म्हणाले, तिने ऐकलं नाही. संध्याकाळी आम्ही बाजारात गेलो.

मासेवालीच्या टोपलीत बर्फावर वीतभर लांबीचे मासे होते. मी एक उचलला, पोटाची चकाकी पाहिली, पर उलगडला आणि हात तिथेच थबकला. कुप्याची पिल्लं. रोज ज्याची मापं घेते तो मासा मी ओळखणार नाही तर कोण? कुठून आली, विचारलं.

"रत्नागिरी का मालिच है अक्का," ती म्हणाली. "छोटे मछल्यां रोज आते, होटलवाले उठा लेते." (रत्नागिरीचाच माल, रोज येतो, हॉटेलवाले उचलतात.)

खोटं बोलते, असंच मला वाटलं. भांडायला तोंड उघडलं आणि तिच्या मागचा निळा क्रेट दिसला. त्यावर पांढऱ्या रंगाने रंगवलेलं सदाफुलीचं फूल, एका पाकळीचा रंग ओघळलेला. ते फूल मी काढलंय. रिकामे क्रेट चुकू नयेत म्हणून आमच्याकडे प्रत्येक होडीची खूण असते, आणि सदाफुली ही दादाच्या होडीची.

आमच्याकडे होडी जेटीला लागण्याआधी खाडीच्या तोंडाशी थांबते. तिथे घरचा वाटा उतरतो, म्हणजे घरच्या कालवणापुरते मासे. तो कोणी मापत नाही. दुसऱ्याच्या पातेल्यात डोकावल्यासारखं होतं ते. मीही त्याच वाट्यावर वाढले. ओंजळभर असेल, असं धरून चालले होते. ती ओंजळ ट्रक भरून अंबरपेठेत उतरत होती.

रात्री सुजाताने पुलुसू (चिंचेच्या कोळातलं माशाचं कालवण) वाढलं. मी ताट सरकवलं. तिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मग उद्या काय सांगनार ताई?"

मी दादाला फोन लावला आणि बाजारातल्या क्रेटचं विचारलं. तो नाही म्हणेल, चिडेल, याची मी वाट पाहत होते.

"मोठा कुपा मिळतो कुठे आता?" तो शांतपणे म्हणाला. "शून्य आहे ते शून्यच राहू दे."

क्रेट पाहून हादरले होते त्याहून जास्त मी त्या शांतपणाने हादरले.

दुसऱ्या दिवशी बैठकीत उभी राहिले. म्हणाले, "आमच्याकडे पिल्लं पकडतात. मी मोजलेली नाहीत, कारण ती माझ्यासमोर उतरतच नाहीत." घरच्या वाट्याचं सांगितलं, होडीचं नाव घेतलं नाही. मग दुसऱ्या किनाऱ्यावरचा एक माणूस हळूच म्हणाला की असा वाटा त्यांच्याकडेही असतो. त्याच्यामागून आणखी एक. मी पडद्याकडे पाहिलं. किनाऱ्याकिनाऱ्याने शून्यं होती, आणि त्यातलं एकही आता खरं वाटेना. आमच्या पाण्याचं नाव बंदीच्या शिफारशीत गेलं.

परतीच्या बसमध्ये दादाला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत राहिले. सांगायची वेळच आली नाही. घरी पोचले तर तो अंगणात होता. "जेवून घे गो," म्हणाला आणि आत गेला. भिंतीशी निळे क्रेट रचून ठेवले होते, सगळे घासलेले. एकावरही सदाफुली नव्हती; माल कोणाचा हे आता कोणाला कळलं नसतं. बोट फिरवलं तर ओघळलेल्या पाकळीचा खरखरीतपणा तेवढा लागला. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही त्या पुसलेल्या फुलासाठीच.

दुसऱ्या सकाळी मी पट्टी घेऊन निघाले, ती जेटीवर गेले नाही. खाडीच्या तोंडाशी, वाटा घ्यायला आलेल्या बायकांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. त्या जरा बाजूला सरकल्या. पहिली होडी दादाचीच आली. त्याने मला पाहिलं, हातातली पट्टी पाहिली, आणि निघून न जाता इंजिन बंद केलं.